झाडाला सांगायचं राहिलं

पहिल्या महिन्याची पौर्णिमा उलटली की कालव्याकाठच्या त्या वाडीतले सगळे पुरुष अचानक कामसू होतात. तेतचा, म्हणजे नव्या वर्षाचा सण खाऊन-पिऊन संपलेला असतो. नारळपाण्यात शिजवलेलं मांस आणि अंडी पुन्हापुन्हा गरम करून काळी पडलेली असतात, आणि दारोदारच्या माइ नावाच्या झाडांची पिवळी फुलं गळून कोंबड्यांच्या पायाखाली गेलेली असतात. मग कुंड्या आडव्या करायच्या, झाडं उपसायची, मुळं छाटायची आणि नवी माती भरून पुढच्या तेतची तजवीज करायची. बायका म्हणतात, वर्षभर घरातला गेलेला दिवा बदलायला यांना सवड नसते, पण झाडाची माती बदलायला बरोबर पहाटे उठतात.

लुआच्या अंगणात हे काम तिच्या नवऱ्याचं, थोयचं. तो मातीत हात घालायचा आणि लुआला तीन हुकूम सोडायचा: पाणी आण, दोरी धर, मध्ये बोलू नकोस. लुआ पहिले दोन पाळायची. यंदा हुकूम सोडणारा राहिला नव्हता. दहाव्या महिन्यात एका दुपारी पाठीत कळ आली म्हणून थोय जाळीच्या झोळीत आडवा झाला, तो उठलाच नाही. लुआ स्वयंपाकघरातून त्याला ओरडत होती, की कढी निवतेय, कितीदा सांगू. ते ओरडणं तिला अजून आठवायचं आणि जीभ चावावीशी वाटायची.

आता ती रोज सकाळी त्या कुंडीसमोर उभी राहायची. वाडीतल्या बाकी झाडांना लालसर कोवळी पानं फुटली होती. लुआच्या झाडाला काही नाही. मांडीएवढा बुंधा, वर वळणावळणाच्या फांद्या, आणि फांद्यांच्या टोकाला सुकलेले कळे, जे उमलले नाहीत आणि धड गळलेही नाहीत. ती नखाने साल खरवडून बघायची. आत हिरवं दिसलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

झाड तसं लेकीचं. मिएन जन्मली त्या वर्षी थोय चो लाचच्या बाजारातून होडीत घालून काडीएवढं रोप घेऊन आला आणि म्हणाला, पोरगी आणि हे बरोबर वाढतील. लग्न होऊन बरीच वर्षं झाल्यावर झालेली एकुलती एक पोर, तिचं सगळंच कौतुक. पोर मोठी झाली, तैवानला कारखान्यात गेली, तिथेच लग्न करून राहिली. दर रविवारी फोन करायची आणि दोन गोष्टी विचारायची, नेहमी याच क्रमाने: बाबा कुठे आहेत, आणि माझं झाड कसं आहे.

पहिल्या प्रश्नाला लुआ गेले काही महिने खोटं उत्तर देत होती. बाप गेल्याचं तिने मिएनला सांगितलं नव्हतं.

हे तिने काही दुष्टपणाने केलं नव्हतं. मिएनची दोन गर्भारपणं अर्ध्यातच वाया गेली होती. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरने बजावलं होतं, की जड उचलायचं नाही, धावपळ करायची नाही, जिवाला धक्का लागेल असं काही नको. आणि नेमका बाप गेला. पोटुशी बाई तिरडीच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही, ही तर विमानात बसून धावत आली असती. लुआने प्रेतापाशी बसूनच ठरवलं, की मूल हातात येईपर्यंत मिएनला कळू द्यायचं नाही. वाडीतल्या प्रत्येकाला तिने सांगितलं, की फोनवर जो बोलेल त्याची जीभ हासडीन. कोणी बोललं नाही. जीभ सगळ्यांनाच प्यारी असते.

"अजून पान नाही?" शेजारच्या स्वेनने कुंपणावरून विचारलं. स्वेन आणि तिचा नवरा हिएन यांचं घर पोफळींच्या रांगेपलीकडे होतं, आणि स्वेनची नजर कायम रांगेच्या अलीकडे.

"येईल. थंडी होती यंदा."

"थंडी माझ्या दारात नव्हती वाटतं? माझ्याकडे बघ, पानांनी लवून गेलंय."

"तुझं झाड तुझ्यावर गेलंय. सगळ्यात घाई."

स्वेन हसली नाही. कुंपणाला वळसा घालून आत आली आणि कुंडीच्या काठावर हात ठेवून उभी राहिली. "लुआ, एकदा बोलले, पुन्हा बोलते. याला कोणी सांगितलं नाही. झाडाला मालक गेल्याचं कळलं तर ते रडतं, चार पानं गाळतं आणि सावरतं. कळलंच नाही तर वाट बघत बसतं. वाट बघून बघून वाळतं."

"मूल झालं की सांगीन."

"झाडाला की पोरीला?"

"दोघांना."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, बाई," स्वेन म्हणाली. "बघ तूच."

अंत्यविधीच्या दिवशी मातीला निघायच्या आधी हिएन टोपलीत पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या घेऊन बागेत फिरला होता. घरच्या माणसांच्या कपाळाला बांधतात त्याच कापडाच्या. वाडीत ही रीतच आहे. ज्या हातांनी पाणी घातलं ते हात गेले, हे झाडांना सांगावं लागतं. हिएन एकेका बुंध्याला पट्टी बांधत होता आणि प्रत्येकाला हळू आवाजात सांगत होता, "थोयदादा गेला रे. तू नीट राहा." पपनसाला बांधली, माडांना बांधली, पोफळींना बांधली, फणसाला बांधली. गाठी सगळ्या सैल, कारण बुंधा वाढतो. माइच्या कुंडीपाशी तो वाकला तसा लुआने त्याचा हात धरला.

"याला नको."

"अहो वहिनी, सगळ्यांत जास्त याचीच सेवा केली त्याने."

"हे मिएनचं झाड आहे. याला सुतक नको. पोरीच्या पोटात मूल आहे."

हिएनने स्वेनकडे बघितलं, स्वेनने आभाळाकडे. मेलेल्या माणसाच्या दारात वाद घालत नाहीत, म्हणून त्याने पट्टी टोपलीत परत टाकली. कापडाच्या एका चिंधीने पोरीच्या पोटातल्या जिवाला काय होणार होतं, हे लुआला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण तिच्या हाताने ते होणार नव्हतं. ज्या झाडाला बापाने लेकीच्या नावाने वाढवलं त्याला पांढरं बांधायचं म्हणजे लेकीच्या कपाळालाच बांधायचं, एवढं तिला पक्कं वाटलं.

मग रविवार सुरू झाले. फोनच्या आधी लुआ डोक्याची पांढरी पट्टी उतरवायची, फुलाफुलांचा सदरा घालायची आणि अंगणात येऊन बसायची. बाहेरच्या खोलीत देव्हाऱ्यावर थोयचा फोटो होता, त्याच्यापुढे उदबत्ती जळत असायची, तिथे बसून चालणार नव्हतं. पाण्याच्या रांजणाच्या झाकणावर फोन टेकवायचा, पाठीमागे माइचं झाड येईल असं स्टूल ठेवायचं, आणि बोलायचं.

"बाबा कुठे आहेत?"

"कुठे असणार. मागे बागेत. पपनसाला खत घालताहेत."

"जेवले का?"

"दोन वाडगे भात. चिंचेची आंबट कढी केली होती, माशाचं डोकं नेहमीप्रमाणे स्वतःच घेतलं. मला शेपूट."

"बोलव ना त्यांना."

"हाका मारून घसा बसला माझा. कान गेलेत त्यांचे आता. आणि आले तरी काय, मागून ओरडणार, जेवलीस का, आणि जाणार."

मिएन हसायची, कारण ते खरं होतं. थोय कधीच फोनवर बोलला नव्हता. मागून जाता जाता "जेवलीस का" एवढंच ओरडायचा, आणि लेकीशी आपलं रोज बोलणं होतं असं वाडीभर सांगायचा. त्यामुळे खोटं बोलणं सोपं गेलं. उलट लुआला त्याची चटकच लागली. आज त्याने हिएनला पटावर हरवलं, काल कालव्यात पाय घसरून पडला आणि चप्पल वाहून गेली, परवा माझ्याशी भांडून न जेवता झोपला. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, पण जेवणारा असा मन लावून जेवायचा की लुआलाही त्या दिवशी दोन घास जास्त जायचे. फोन बंद झाला की ती सवयीने मागच्या दाराकडे बघायची, हात धुऊन येतोय का म्हणून. मग स्वतःवरच चिडायची आणि पट्टी पुन्हा डोक्याला बांधायची.

रडायला तिला कोणी उरलं नव्हतं. स्वेनपाशी रडली असती, पण स्वेन लगेच समजावायला लागायची. थोयसाठी जिच्याबरोबर रडावं अशी जगात एकच होती, आणि तिच्यापुढे फुलाफुलांचा सदरा घालून बसावं लागत होतं.

बाराव्या महिन्यात झाडाची पानं खुडायची वेळ आली. सगळी पानं एकेक करून हाताने काढली की झाड घाबरून फुलतं, असं म्हणतात, आणि नेमकी पहिल्या दिवशी फुलं यावीत तर खुडायचा दिवस नेमका साधावा लागतो. थोय कळे दाबून बघायचा, वारा बघायचा, रेडिओला शिव्या द्यायचा आणि दिवस सांगायचा. लुआला ते जमणार नव्हतं. तिने स्वेनने खुडली त्याच दिवशी खुडली. कळे आले, पण फुगलेच नाहीत. तेतच्या पहिल्या दिवशी एका फांदीवर मोजकी फुलं होती, ती पण कशीबशी.

त्या दिवशी मिएनचा फोन सकाळीच आला. पोट बरंच पुढे आलं होतं. नव्या वर्षाचे आशीर्वाद देऊन-घेऊन झाले. बाबा देवळात गेलेत, असं लुआने सांगून टाकलं.

"झाड दाखव ना, आई. नीट दाखव, चारी बाजूंनी."

लुआने फोन हातात घेतला आणि कुंडीभोवती सावकाश फिरली. फुलांची फांदी पुढे येईल, उघड्या फांद्या दिसणार नाहीत अशी कसरत करत होती. "थंडीने उशीर झालाय," ती म्हणत राहिली. "बाबा म्हणाले, पंधरा दिवसांत बघ कसं फुलतं ते. यंदा जरा रुसलंय, एवढंच."

फोन पुन्हा झाकणावर ठेवला तेव्हा मिएन भलतीकडेच बघत होती. नंतर म्हणाली, "आई, मी जरा पडते. पाठ दुखतेय." आणि ठेवून दिला.

त्यानंतरच्या रविवारी तिने बाबा कुठे आहेत असं विचारलं नाही. पुढच्याही रविवारी नाही. आई, जेवलीस का, झोपतेस का, रात्री दाराला कडी लावतेस का, एवढंच. पहिल्यांदा लुआला सुटल्यासारखं वाटलं. मग ते टोचायला लागलं. बाप देवळात असेल, बागेत असेल, मेला असेल, पोरीला काही नाहीच? एकदा तिने मुद्दाम खडा टाकून बघितला.

"बाबा विचारत होते तुला."

"हं," मिएन म्हणाली. "आई, तू औषध घेतेस ना?"

लुआने त्या दिवशी फोन ठेवला आणि भांडी आपटली. ज्या बापाने हिच्यासाठी झाडाला पोटच्या पोरासारखं जपलं त्याचं नावही हिच्या तोंडात येईना. परक्या देशात माणूस असं कोरडं होतं, असं तिने स्वेनला सांगितलं आणि सांगताना तिचा आवाज फाटला. आता थोयला जिवंत ठेवण्यातही राम उरला नव्हता. रविवारच्या खोट्यालासुद्धा कोणी गिऱ्हाईक नव्हतं. घर पहिल्यापेक्षा जास्त रिकामं झालं, आणि त्यात ते झाड दारात वाळत उभं.

म्हणून ती पौर्णिमेनंतर हिएनकडे गेली आणि म्हणाली, "भावजी, झाड कुंडीतून काढायचंय."

हिएन काढणारच होता. तो वाट बघत होता, तिने म्हणावं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी करवत, कात्री, बांबूची टोकदार काडी आणि बायको घेऊन हजर झाला. बायकोला आणलं नव्हतं, ती आली होती.

नव्या मातीचं काम लुआने आठवडाभर आधीच करून ठेवलं होतं. काथ्याचा भुसा पाण्यात भिजवायचा, तांबडं पाणी ओतून द्यायचं, पुन्हा भिजवायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग त्यात भाजलेलं तूस, कालव्याचा वाळलेला गाळ, जुनं शेण. थोय करताना ती कधी बघतेय असं वाटायचं नाही, पण हातांनी सगळं बघून ठेवलेलं निघालं.

तिघांनी मिळून कुंडी पोत्यांवर आडवी केली. तिघांचं मिळून वय त्या वाडीपेक्षा जास्त भरलं असतं.

"वहिनी, पाणी आणा. दोरी धरा," हिएन म्हणाला.

"आणि?"

"आणि काय?"

"काही नाही," लुआ म्हणाली.

हिएनने कडेकडेने काडी घालून माती सुटी केली, बुंध्याला दोर लावून ओढलं. झाड हलेना. स्वेन कुंडीच्या बुडावर दोन्ही हातांनी थापट्या मारत होती. "जोर लावा. तेतचं एवढं खाल्लंय ते काय फुकट?"

"तू खाल्लंस. मला वाढेपर्यंत उरतं कुठे."

झाड एकदम सुटलं आणि हिएन बुडावर बसला. मुळांचा गठ्ठा कुंडीच्या आकाराचाच बाहेर आला, आणि त्याबरोबर कुजका वास. एका बाजूची मुळं काळी पडली होती, बोटात धरली तर साल निसटून हातात येत होती. तळाची भोकं गाळाने बुजली होती.

"पाणी किती घालत होतात?" हिएनने विचारलं.

"रोज. तांदूळ धुतलेलं." लुआ खाली बघत म्हणाली. "सकाळी आणि संध्याकाळी. तोही घालायचा ना."

"तो बोट खुपसून बघायचा आणि मग घालायचा. तुम्ही पाजून पाजून बुडवलंत याला."

"ते बुडालं नाही," स्वेन म्हणाली. "ते पाणी पीत नव्हतं. ज्याला जेवायची इच्छा नाही त्याच्या तोंडात कोंबलं तर काय होणार? तसंच साचलं."

हिएनने करवत घेतली आणि काळं झालेलं सगळं कापून टाकलं. काप पांढरा येईपर्यंत कापायचं, असा नियम असतो. पांढरं यायला बराच वेळ लागला. शेवटी उरलं ते मूळच्या अर्ध्याहून कमी. मग मुळं तेवढ्या फांद्या, म्हणून त्याने वरच्या फांद्याही छाटल्या. ज्या फांदीवर ती मोजकी फुलं आली होती, ती करवतीखाली आली तेव्हा लुआ घरात निघून गेली आणि उगाच चहाचं पाणी ठेवलं.

परत आली तेव्हा झाड नव्या मातीत उभं होतं. एवढंसं दिसत होतं. कुंडी त्याला मोठी झाली होती.

"जगेल का, भावजी?"

"आता सावलीत ठेवा. पाणी नुसतं शिंपडायचं, ओतायचं नाही. महिन्याभरात कळेल." हिएनने हात पुसले आणि सदऱ्याच्या खिशातून एक घडी काढली. "ही त्या दिवशीची. एक उरली होती. कापडाचं काही मोल नाही, पण ती याच झाडाची, म्हणून टाकवेना."

लुआने पट्टी घेतली आणि न उलगडता आपल्या खिशात ठेवली. "मूल होऊ द्या."

"झाड थांबेल का तोवर?"

"पोर थांबलीय ना माझी," लुआ म्हणाली. तिने नेमकं काय म्हटलं ते तिलाही कळलं नाही. स्वेनने तिचा खांदा दाबला.

त्यानंतरचे दिवस लुआने वळचणीखाली, सावलीत ठेवलेल्या झाडापाशी काढले. ओल्या हाताने पाणी शिंपडायचं, मातीत बोट खुपसून बघायचं, साल खरवडायची. हिरवं तर हिरवं, पण पान नाही. मनात ती एकच वाक्य घोळवायची. बाळा, तुझे बाबा गेले. कधी वाटायचं, आधी रडावं मग सांगावं. कधी वाटायचं, मिएन आता एवढी कोरडी झालीय, तर तिला काय, ती हं म्हणेल आणि औषध घेतेस का विचारेल. ही भीती तिला सगळ्यात जास्त होती. रडेल ती भीती गेली होती, आता रडणार नाही ही भीती होती.

दुसरा महिना लागला तसा एका सकाळी जावयाचा फोन आला. त्याला इथली भाषा तोडकीमोडकी यायची. "आई. मुलगी. छान. दोघी छान." लुआने देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावली आणि आधी थोयला सांगितलं. मग स्वेनला, आणि स्वेनला सांगितलं म्हणजे वाडीला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिएनचा फोन येणार होता. लुआने सदरा बदलायला काढला, डोक्याची पट्टी सोडायला हात वर नेला. मग हात खाली घेतला. सदरा परत खुंटीला टांगला. वळचणीखाली झाडाच्या कुंडीपाशी स्टूल नेलं आणि पट्टी डोक्याला तशीच ठेवून बसली. अंगातल्या सदऱ्याच्या खिशात हिएनने दिलेली पट्टी होती, ती तिने मुठीत धरली.

फोनवर आधी बाळ दिसलं. तांबडं, सुजलेल्या डोळ्यांचं.

"केवढी कुरूप आहे," लुआ म्हणाली. तान्ह्या बाळाला असंच म्हणायचं असतं, दृष्ट लागू नये म्हणून.

"खूप कुरूप," मिएनने म्हटलं. मग फोन तिच्या चेहऱ्याकडे वळला. ती दमलेली दिसत होती. आईच्या डोक्याकडे तिने बघितलं, आणि बघतच राहिली.

"बाळा," लुआने सुरुवात केली. "तुला एक सांगायचंय. मी तुला खूप दिवस..."

"आई, माझ्या झाडाला का नाही बांधली?"

लुआला काही समजलं नाही.

"पपनसाला बांधलीस. पोफळींना बांधलीस. फणसाला पण दिसली मला," मिएन म्हणाली. "तेतच्या दिवशी तू फिरवून दाखवलंस ना. मागे सगळ्यांना पांढरं होतं. माझ्याच झाडाला का नाही?"

लुआच्या डोळ्यांपुढे अंगण आलं. पावसाने मळलेल्या, सैल गाठींनी बुंध्यांवर घसरलेल्या त्या चिंध्या, रोज दिसून दिसून दिसेनाशा झालेल्या. ती उघड्या फांद्या झाकत होती, आणि पाठीमागे सगळी बाग उघडी होती.

"तुला माहीत होतं?"

"मी तिथेच वाढलेय ना, आई."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढं जपून लपवत होतीस. मी रडले असते तर तू घाबरली असतीस, पोटातल्या हिच्यासाठी." मिएनने बाळाचं दुपटं उगाच नीट केलं. "मग मीही गप्प राहिले. बाबांचं विचारायचं बंद केलं, कारण तू काय काय सांगायचीस आणि मला ऐकवेना. इथे तेव्हा यांचंही नवं वर्ष चालू होतं, सासूबाईंना अशुभ वाटलं असतं, म्हणून मी पट्टी आतून दंडाला बांधली होती. आंघोळीला फक्त सोडायची."

तिने बाही वर केली. दंडावर कापड होतं. मळलेलं, दोरीसारखं पीळ पडलेलं.

एवढे दिवस लुआ कोरडी म्हणत होती ती हिला. तिच्या घशातून जो आवाज आला तो स्वेनने पोफळींपलीकडून ऐकला, आणि पहिल्यांदाच ती कुंपणाशी आली नाही. लुआ रडली, मिएन रडली, मध्येच बाळ रडायला लागलं तेव्हा मिएनने त्याला अंगाशी घेतलं आणि रडतच राहिली. कोणी कोणाला समजावलं नाही. पुष्कळ वेळाने मिएनने नाक पुसलं आणि विचारलं, "शेवटी काय म्हणाले बाबा?"

"काही नाही. मी ओरडत होते, कढी निवतेय म्हणून."

"मग ऐकलं असेल त्यांनी."

"कान गेले होते त्यांचे," लुआ म्हणाली, आणि दोघींना रडता रडता हसू आलं.

"आता बांध," मिएन म्हणाली. "मी बघते."

लुआने फोन भिंतीला टेकवून ठेवला. मूठ उघडली. पट्टी घामाने ओली झाली होती. ती कुंडीपाशी गुडघ्यावर बसली, छाटलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती कापड फिरवलं आणि झाडाला सांगितलं, "ते गेले. तुझे बाबा गेले. मी तुला सांगितलं नाही, चुकलं माझं. आता तू नीट राहा." झाडाला पान नव्हतं. फोनमधून बाळाचं चुटुचुटु पिणं ऐकू येत होतं.

"सैल बांध, आई," मिएन म्हणाली. "काचेल त्याला."

लुआने गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, आत दोन बोटं जातील एवढी सैल.